नकाशात नसलेल्या अकरा वायरी

इंटरनेट म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मी बारवी धरणापासून सुरुवात करते. लोक हसतात. हसू देत. अंबरनाथमध्ये आम्ही नवरा-बायकोने मिळून वीस-बावीस वर्षं केबलचा धंदा केला. ह्या भागात मी 'केबलवाल्या वहिनी'. वायर सोलायला, जोड मारायला मी लग्नानंतर शिकले, आणि शिडी धरायला माणूस असला तर शिडीवरही चढले. तेव्हा ऐका.

बारवीचं पाणी जांभूळला येतं, तिथे साफ होतं आणि पाइपातून आपल्या नळाला येतं. वाटेत दाब कमी होतो म्हणून मध्येमध्ये पंप बसवलेले असतात. केबल टीव्हीचं अगदी तसंच. आमची कंट्रोल रूम म्हणजे जांभूळ. रस्त्यातले अॅम्प्लिफायर म्हणजे पंप. तुमचा टीव्ही म्हणजे नळ. सगळं एका दिशेने, वरून खाली. पण इंटरनेटला तुम्ही नुसतं घेत नाही, तुम्हाला पाठवायचंही असतं. म्हणजे प्रत्येक घराने त्याच पाइपातून पाणी उलटं जांभूळला चढवायचं! आणि सगळ्या घरांचं ते उलटं पाणी शेवटी एकाच पाइपात गोळा होतं. एका घराने जरी त्यात घाण सोडली तर अख्खं जांभूळ गढूळ. एवढं लक्षात ठेवा, कारण आमचं सगळं रामायण ह्या एका गोष्टीवर झालं.

ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. तेव्हा घरात इंटरनेट हवं तर फोनच्या वायरीवरून घ्यायचं. मोडेम आधी किरकिर करायचा, मग शिट्ट्या मारायचा, आणि लागलाच तर एक फोटो वरून खाली उतरेपर्यंत चहा होऊन कप धुवून व्हायचा. तोवर घरचा फोन एंगेज. मावशी वारली तरी कळायचं नाही. नाहीतर मग सायबर कॅफे, तिथे प्लायवूडच्या खोक्यात बसून पोरं काय करायची ते त्यांचं त्यांना ठाऊक. फोनवाल्यांचं नवीन ब्रॉडबँड येणार, येणार अशी नुसती आवई होती. आणि आमची वायर? ती तर प्रत्येक घरात टीव्हीपर्यंत आधीच जाऊन बसली होती!

कल्याणच्या एका इंटरनेट कंपनीने आम्हाला बघायला बोलावलं. आमचे मिस्टर आणि मी, दोघं गेलो. कंपनीचा इंजिनीअर जोसेफ, बारीक आणि बोलायला गोड. त्याने टीव्हीची वायर एका डबीला लावली, डबी कॉम्प्युटरला लावली आणि म्हणाला, "बोला वहिनी, काय बघायचं?"

माझ्या तोंडातून निघालं, "वांगणी."

वांगणीला माझा प्लॉट होता. भिशीतून, ब्लाउज शिवून, साडीला फॉल लावून मी जमवलेल्या पैशांचा. 'ह्यांचा' नाही, माझा. तिथे मी स्वतः दोन शेवग्याची झाडं लावली होती आणि पुढच्या अंगणात झोपाळा कुठे टांगायचा तेही ठरलं होतं. जोसेफने टाइप केलं, आणि खटकन, अहो, बोट उचलायच्या आत, कुठल्याशा जागा विकणाऱ्याचं पान उघडलं. मोठा रंगीत फोटो. मी ओरडलेच, "अहो, तो डोंगर बघा! माझ्या प्लॉटच्या मागचा डोंगर!" शिट्टी नाही, किरकिर नाही, टीव्हीच्या वायरीतून वांगणीचा डोंगर समोर! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. येताना स्टेशनवर ह्यांनी मला विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "मला हे पाहिजे. आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाहिजे."

मग खर्च समोर आला. आमचे सगळे अॅम्प्लिफायर एका दिशेचे. ते सगळे काढून दोन दिशांचे टाकायचे. कल्याणहून काचेची, म्हणजे फायबरची, वायर ओढून आणायची. घराघरातला प्रत्येक जोड बदलायचा. टीव्हीला काय, वायरीला वायर पीळ मारून वर टेप गुंडाळली तरी चालायचं. आम्ही आयुष्यभर तेच केलं. इंटरनेटला तसला जोड चालत नाही, तिथे पितळी कनेक्टर दाबूनच बसवावा लागतो. जाड मेन वायर तेवढी चांगली होती, ती ठेवायची ठरली. मिस्टरांनी कागदावर बेरीज केली आणि कागद उलटा घालून ठेवला. बँकवाला म्हणाला, केबलला आम्ही कर्ज देत नाही.

"वांगणी विका," मी म्हटलं.

हे मला म्हणाले, "शालन, विचार कर. हे फसलं तर प्लॉट परत येणार नाही."

"फसणार कसं?" मी म्हटलं. मोठी शहाणी ना मी!

पावसाळ्याच्या आधी प्लॉट गेला आणि पावसाळा संपता संपता नवे अॅम्प्लिफायर खांबांवर चढले. काय दिवस होते ते! जिथे जावं तिथे चहा. पहिल्या महिन्यात चाळीस घरं लागली. त्यात सगळ्यात हौशी गिऱ्हाईक म्हणजे पोहूमल काका. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात त्यांचं पापड-लोणच्याचं दुकान, घर आमच्या हद्दीला लागून. मुलगा आणि नातू दुबईला. नातू शाळेतून आला की रोज आपल्याकडच्या दुपारी दोनला काका कॉम्प्युटरसमोर बसायचे. कसे? इस्त्रीचा सफारी, केसांना कलप, अत्तर लावून! मी म्हटलं, "काका, अत्तर दुबईला जात नाही हो." तर म्हणाले, "भाभी, आज फोटो जाता है, कल खुशबू भी जाएगी. तुम्हारी वायर पे अपने को पूरा भरोसा है."

त्याच आठवड्यात त्या भरवशाची माती झाली. दुपारी एक वाजला की इंटरनेट मरायचं. चार वाजले की आपोआप जिवंत. सकाळी छान, संध्याकाळी छान, आणि मध्ये तीन तास ठणठणगोपाळ. काकांचा नातू स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून तसाच थिजायचा. चाळीस घरांतून फोन. जोसेफ आला, आमच्या कंट्रोल रूममध्ये बसला आणि त्याने मला स्क्रीन दाखवला. खाली एक सरळ रेघ हवी होती, तिथे भातशेतात उगवावं तसं हिरवं गवत माजलं होतं. "कुठल्यातरी घरातून घाण येतेय," जोसेफ म्हणाला. "मोटर, मिक्सर, काहीही असेल. सैल जोडातून ते आत शिरतं आणि उलटं इथे येतं."

ते शोधायची रीत सोपी आहे, फक्त शिव्या खायची तयारी हवी. मेन वायर म्हणजे खोड, त्याला गल्लीगल्लीच्या फांद्या. नकाशा समोर घ्यायचा, एकेक फांदी तोडायची आणि स्क्रीन बघायचा. जी तोडल्यावर गवत जातं, तीत चोर. मिस्टर खांबावर, मी फोन घेऊन स्क्रीनसमोर. "तोडली. गेलं का?" "नाही." "जोडली. पुढची तोडतो." भर दुपारच्या सिरियलमध्ये टीव्ही जातोय म्हटल्यावर बायकांनी ह्यांचा उद्धार केला तो वेगळाच.

सगळ्या फांद्या तोडून झाल्या. गवत तसंच! एकदा नाही, तीनदा केलं. तीन आठवडे आम्ही दोघं दुपारचे जेवलो नाही. एकच गोष्ट विचित्र होती. शुक्रवारी रेघ सरळ असायची. आमच्याकडे शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. झालं! मिस्टरांना वाटलं, चोर एमआयडीसीत आहे. तिकडची सगळी लाइन पायी पालथी घातली. काही नाही.

शेवटी जोसेफने मान हलवली. "फांद्यांत नाही म्हणजे खोडातच दोष. मला वाटतं अॅम्प्लिफायरच खराब लागलेत. सगळे बदलावे लागतील."

सगळे! कशातून? विकायला आता काय होतं, माझं मंगळसूत्र? तेवढ्यात पोहूमल काकांचा फोन. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "भाभी, फोनवाला ब्रॉडबँड आ गया अपने एक्स्चेंज में. मैं दिवाली तक रुकता हूँ. दिवाली को पोते का मुँह देखना है मुझे. उसके बाद मत बोलना, पोहूमल ने साथ छोड़ा." काका गेले की चाळीसही जाणार, हे कळायला काही शिकावं लागत नाही. दिवाळी आठ दिवसांवर. मिस्टर मला एक शब्द बोलले नाहीत. 'मी सांगत होतो' एवढं तरी म्हणा ना, म्हणजे भांडता आलं असतं! ते नुसते खिडकीत बसून राहिले. मला मात्र डोळे मिटले की ती दोन शेवग्याची झाडं दिसायची.

त्या शुक्रवारी मी भाजी घ्यायला गेले. तिथे कमल भेटली. कमल माझी जुनी मैत्रीण, शिवणाच्या क्लासातली. नवरा नाही, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडून बांधलेले गठ्ठे आणायची आणि घरी बसून खिसे शिवायची. कापडाच्या रंगाने तिची बोटं कायम निळी.

"आज बरी मोकळी गं?" मी विचारलं.

"शुक्रवार ना. शेठचा माणूस आज माल आणत नाही. बाकी दिवस काय, सासूचं जेवण उरकलं की एकला मशीनवर बसायचं. चारला तो गठ्ठे न्यायला येतो, तोवर मान वर करायची सोय नाही. मोटर लावून घेतली म्हणून निभतंय बाई."

मी हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी. एक ते चार. शुक्रवारी बंद. मोटर.

आणि कमलच्या घरात वायर होती. मीच दिलेली!

आता हे नीट सांगायला हवं, कारण ते केबलवाल्यांशिवाय कुणाला कळायचं नाही. आमच्या धंद्यात फुकट वायर देणं हा एक रिवाज. ज्याच्या गच्चीवर अॅम्प्लिफायर बसतो त्याला फुकट, विहाराच्या हॉलला फुकट, अमक्याला फुकट, तमक्याला फुकट. एकदा ह्याच्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मिस्टर म्हणाले, "यापुढे एक जरी फुकटची वायर दिसली तर मी धंद्याला कुलूप लावीन." त्यानंतर महिनाभरात कमलची सासू पडली, दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. माझ्याने बघवेना. आमची मेन वायर कमलच्या पत्र्यावरूनच नाल्याकडे जात होती. हे गावाला गेलेले असताना मी पत्र्यावर चढले, जाड वायरीला ब्लेडने खिडकी पाडली, पीळ मारला, लाल टेप गुंडाळली आणि म्हातारीचा टीव्ही लावून दिला. कुणाला सांगितलं नाही. पुढे मीच विसरले.

आणि आमचा नकाशा कशावरून काढला होता? गिऱ्हाइकांच्या वहीवरून! जो पैसे देतो त्याचं नाव वहीत, जो वहीत तो नकाशात. फुकटवाला वहीतही नाही आणि नकाशातही नाही. कमलची वायर तर कुठल्या फांदीवर नव्हतीच, सरळ खोडावर होती. फांद्या तोडून ती कशी सापडणार? तीन आठवडे मी स्वतः फोनवर "नाही, गेलं नाही, पुढची तोडा" करत बसले होते, आणि चोर माझ्याच हातचा!

भाजी तशीच टाकून घरी आले. मिस्टर खिडकीतच होते. मी म्हटलं, "अहो, रागवायचं ते नंतर रागवा. कमलकडे फुकटची वायर आहे. मी दिली. पाच वर्षं झाली."

मला वाटलं, आता कुलूप शोधतील. तर हे उठले, कपाटावरचा नकाशा काढला, माझ्यासमोर पसरला आणि लाल पेन हातात घेऊन मान खाली घालून म्हणाले, "बोल. तुझ्या किती?"

"चार."

त्यांनी चार लाल ठिपके दिले. पण पेन काही थांबेना. पाचवा, सहावा... मी मोजत राहिले. "हे कोण?"

"न्हावी."

"आणि हा?"

"जुने फोरमन. कारखाना बंद पडल्यावर घरीच असतात ना."

"आणि ही तीन?"

"असू दे गं, आहेत आपली माणसं."

सात! कुलूप लावणाऱ्या माणसाच्या सात! मी एवढी हसले की शेजारीण डोकवायला आली. महिन्यानंतर हे पहिल्यांदा हसले, तेही ओशाळून. नकाशात नसलेल्या अकरा वायरी, आणि त्यांच्यापायी आम्ही सगळे अॅम्प्लिफायर भंगारात काढायला निघालो होतो. एकमेकांना चोरून केलेलं पुण्य पण कधी कधी असं अंगावर येतं बघा.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटाला रडगाणं नको. धंदा आम्ही आणखी बारा-तेरा वर्षं केला. मग मोठ्या कंपन्यांची काचेची वायर थेट घराघरात आली, आणि आमची तांब्याची वायर किलोवर गेली. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. आम्ही जे पहिल्यांदा दाखवलं तेच त्यांनी जास्त चांगलं दिलं. वांगणीचा प्लॉट मात्र परत घेता आला नाही. तिथे आता चार मजली बिल्डिंग आहे. एका लग्नाला गेले होते तेव्हा मुद्दाम बघून आले. शेवगा नाही. ते मला लागतं, आजही लागतं, खोटं कशाला बोलू?

पण तो शनिवार माझ्याकडून कुणी घेऊ शकत नाही.

शनिवारी साडेबारालाच मी कमलच्या दारात हजर. पिशवीत कनेक्टर, पक्कड, नवी वायर, आणि जोसेफने दिलेली बोटाएवढी एक चाळणी, जी टीव्हीचं वरून खाली येऊ देते पण घरातलं काही उलटं जाऊ देत नाही. मिस्टर आणि जोसेफ कंट्रोल रूममध्ये, स्क्रीनसमोर. मी कमलला सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या मशीनने? चाळीस घरांचं? बाई गं! वायर काढून ने तुझी. सासूला मी रेडिओ लावून देईन."

आतून म्हातारी ओरडली, "कोण काढतंय माझा टीव्ही?"

"कोणी नाही काढत, आजी," मी म्हटलं. "टीव्ही राहणार आणि मशीन पण चालणार. नाहीतर मी कसली केबलवाली!"

पत्र्यावर चढले. पत्रा तापलेला, पाय भाजत होते. लाल टेप सोडली. काय सांगू, आतला तो पीळ बघून मलाच लाज वाटली. जोड सगळा उघडा, तांबं हिरवं पडलेलं. कापला. कनेक्टर दाबले, चाळणी बसवली, नवी वायर घरात उतरवली, मशीनपासून लांब, पलीकडच्या भिंतीने. खाली आले तेव्हा एक वाजून गेला होता. म्हातारीचा टीव्ही लागला. फोन कानाला लावला.

"रेघ सरळ आहे," मिस्टर म्हणाले. "पण मशीन बंद असेल ना? बंद असताना काय कळणार?"

बरोबर होतं. मी कमलला म्हटलं, "बस. चालव."

तिचा पाय पुढे येईना. "नको गं. परत बिघडलं तर?"

"बिघडलं तर माझं बिघडेल. माझं जे जायचं होतं ते आधीच गेलंय. चालव म्हणते ना!"

कमलने पॅडलवर पाय ठेवला. मोटर घुर्रर्र करून उठली. निळा खिसा सुईखालून धावायला लागला. मी फोन कानात कोंबून उभी.

"अहो! काय झालं? गवत?"

"थांब," हे म्हणाले. मग जोसेफचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं, आणि मग आमचे मिस्टर, जे कधी शेजाऱ्याशीसुद्धा मोठ्याने बोलले नाहीत, ते फोनवर किंचाळले, "नाही! शालन, एक काडी नाही! शेत साफ! अगं, वांगणी वाचली तुझी!"

वांगणी कुठली वाचायला, वांगणी तर जाऊन सहा महिने झाले होते. पण ते काय म्हणत होते ते मला कळलं. वांगणीचे पैसे मातीत गेले नव्हते. दोन वाजता पोहूमल काकांचा फोन मध्ये घुसला. "भाभी! हिल रहा है! बच्चा हिल रहा है! हाथ दिखा रहा है मेरे को!" मागून दुबईच्या त्या पोराचं हसणं ऐकू येत होतं.

माझं तोंड बघून कमलने घाबरून पाय उचलला. "काय गं? थांबू का?"

"थांबलीस तर बघ!" मी म्हटलं. "चारपर्यंत शिव."

ती शिवत राहिली. मी निळ्या पँटींच्या गठ्ठ्यावर बसले, फोन कानाला तसाच, आणि शेठचा माणूस माल न्यायला येईपर्यंत त्या मोटरीच्या आवाजात मनसोक्त रडले.